भिंतीवरचे तीस चौकोन

(दृश्य: स्वयंपाकघराची भिंत. तिच्यावर चिकटवलेला कागद, शेजारी दोऱ्याने लटकवलेली रंगीत पेन्सिल.)

पट्टी लावून आखलेले हे तीस चौकोन आहेत. ज्या दिवशी घरातल्या कोणीही गरजेबाहेरचा खर्च केला नाही, त्या दिवसाचा चौकोन रात्री निजण्यापूर्वी रंगवायचा आणि ज्या दिवशी केला, त्या दिवसाचा कोरा सोडायचा, एवढाच या कागदाचा नियम आहे. घरात चार माणसे आहेत. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, मुलगा शाळेत जातो आणि आजी दिवसभर घरी असतात. मिळकत पुरेशी असूनही महिनाअखेर काही शिल्लक का राहत नाही, हे चौघांपैकी एकालाही नेमके सांगता येत नव्हते, आणि ते शोधण्यासाठी त्यांनी तीस दिवस अनावश्यक खर्च बंद ठेवण्याचे ठरवले.

मुदत ठरवून खरेदी थांबवण्याची कल्पना या घराची नाही. कॅनडातील व्हँकूव्हर येथील कलाकार टेड डेव्ह यांनी 1992 मध्ये ‘काहीही खरेदी न करण्याचा दिवस’ सुचवला आणि पुढे तो अनेक देशांत पाळला जाऊ लागला. तो निषेधाचा दिवस होता. परंतु एका दिवसाचे न घेतलेले सामान दुसऱ्या दिवशी घेता येते. महिनाभराची गोष्ट वेगळी असते, कारण त्या अवधीत पगार येतो, बिले येतात, एखादा वाढदिवस येतो आणि कंटाळाही येतो.

(दृश्य: जेवणाचे टेबल, रात्र. चौघे जण, मध्ये कोरे कागद.)

ही सुरुवातीच्या आदल्या दिवसाची रात्र आहे. गरज कशाला म्हणायचे, हे ठरवण्यासाठी चौघे बसले आहेत आणि उठेपर्यंत जवळजवळ तीन तास गेले आहेत. घरभाडे, वीज, औषधे, शाळेची फी, कामावर जाण्या-येण्याचा खर्च, कर्जाचा हप्ता आणि किराणा या बाबी पहिल्या पाच मिनिटांत कागदावर उतरल्या. त्यानंतरचा सारा वेळ सीमेवरच्या गोष्टींनी खाल्ला. केस कापणे ही गरज आहे का? मित्राच्या वाढदिवसाची भेट टाळता येईल का? आजींचे मासिक चालू ठेवायचे का? मोबाइलच्या काचेला तडा गेला आहे, पण मोबाइल चालतो आहे; मग ती बदलायची की महिना काढायचा?

पाहणाऱ्याला हा वाद क्षुल्लक वाटू शकतो. आमच्या मते मात्र संपूर्ण महिन्यातला सर्वांत मोलाचा भाग हाच होता, कारण मोह समोर उभा असताना केलेली व्याख्या नेहमी मोहाच्या बाजूने झुकते. शांत डोक्याने, खरेदीच्या आधी आणि सर्वांच्या देखत लिहिलेला नियम पुढे भांडण उद्भवल्यावर दाखवता येतो. या घराने शेवटी चार ओळी लिहिल्या. जुनी वस्तू दुरुस्त करता येईल, पण ती पूर्ण निकामी झाल्याशिवाय नवी घ्यायची नाही. भेटींसाठी एक ठरावीक रक्कम बाजूला राहील आणि ती संपली की संपली. नियम मोडला तर चौकोन कोरा राहील, पण महिना मोडणार नाही. आणि आजींचे मासिक चालू राहील. शेवटची ओळ आजींनी स्वतःच्या हाताने लिहिली आहे.

(दृश्य: मोबाइलचा पडदा, त्यावर खात्याचा उतारा वर सरकतो आहे.)

दुसऱ्या दिवशी सकाळी घरातल्या बाईंनी मागील तीन महिन्यांचे बँकेचे आणि कार्डाचे उतारे उघडले. मोठ्या रकमा त्यांना आठवत होत्या. आठवत नव्हत्या त्या लहान रकमा, आणि त्यांचीच संख्या सर्वाधिक होती. दरमहा आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्या चार निघाल्या, त्यांपैकी एक कशाची आहे हे शोधायलाच अर्धा तास लागला. नावनोंदणी दोन मिनिटांत होते आणि ती रद्द करण्याचे बटण मात्र चार पडद्यांच्या आड ठेवलेले असते, हे आम्ही जसेच्या तसे चित्रित केले आहे.

त्यानंतर त्यांनी खरेदीच्या ॲपमध्ये साठवून ठेवलेला कार्डाचा तपशील एकेक करून पुसला. ॲप काढून टाकले नाही, फक्त प्रत्येक खरेदीच्या वेळी कपाटातून कार्ड आणून सोळा आकडे भरावे लागतील, अशी अडचण स्वतःपुढे निर्माण केली. या अडचणीची किंमत व्यापाऱ्यांना फार पूर्वी कळली होती. ॲमेझॉनने एका क्लिकमध्ये खरेदी पूर्ण करण्याच्या पद्धतीसाठी 1997 मध्ये अर्ज करून 1999 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवले, ते 2017 पर्यंत टिकले आणि ॲपल कंपनीने ती पद्धत वापरण्यासाठी 2000 मध्ये रीतसर परवाना घेतला. ग्राहकाला विचार करण्यासाठी मिळणारे काही क्षण नाहीसे करण्याला एवढे मोल असेल, तर ते क्षण परत मिळवण्यालाही तेवढेच मोल असले पाहिजे.

(दृश्य: पाच लिफाफे. नोटा मोजणारे हात.)

घरातल्या गृहस्थांनी किराणा, प्रवास, औषधे, भेटी आणि किरकोळ अशा पाच लिफाफ्यांत महिन्याची रक्कम रोख भरली. रोखीचा हा आग्रह जुनाट वाटेल, पण त्यामागे आधार आहे. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसमोर बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांचा लिलाव मांडला होता. काहींना रोख पैसे द्यावे लागतील असे सांगितले, काहींना क्रेडिट कार्डाने. कार्डवाल्यांनी त्याच तिकिटांसाठी रोखवाल्यांच्या सुमारे दुप्पट बोली लावली. हातातून नोट जाताना होणारी हळहळ कार्डाच्या व्यवहारात पुढे ढकलली जाते, आणि पुढे ढकललेली हळहळ बहुधा विसरली जाते. लिफाफा आठव्याच दिवशी पातळ झालेला दिसतो. खात्यातला आकडा तसा पातळ झालेला दिसत नाही.

(दृश्य: वही. ओळीने नोंदी, वेगवेगळी अक्षरे.)

या वहीत प्रत्येकाने आपला खर्च आपल्या हाताने लिहायचा आहे. जपानमध्ये घरच्या जमाखर्चाच्या अशा वहीला ‘काकेइबो’ म्हणतात. पत्रकार हानी मोतोको यांनी 1904 मध्ये छापील स्वरूपात ती वाचकांसमोर आणली. खर्च होऊन गेल्यावर हिशेब मांडण्याऐवजी महिन्याच्या आरंभीच प्रत्येक बाबीसाठी रक्कम नेमून द्यावी आणि मग नोंदी तिच्याशी ताडून पाहाव्यात, ही त्यांची शिस्त होती. आज हे काम ॲप क्षणात करते, हे खरे आहे. परंतु ॲपमधली नोंद कोणी करत नाही, ती होते. वहीतली नोंद करावी लागते, आणि पेन उचलताना माणूस क्षणभर तरी स्वतःला प्रश्न विचारतो.

वहीच्या शेवटच्या पानावर दुसरी यादी आहे. घ्यावेसे वाटले, पण घेतले नाही, अशा वस्तू त्यांच्यापुढे तारीख घालून येथे उतरवल्या जातात. एकतिसाव्या दिवसापूर्वी या यादीतल्या कशालाही हात लावायचा नाही.

(दृश्य: नववा दिवस. मुलाच्या खोलीचा कोपरा.)

हे टेबल तीन महिन्यांपूर्वी घेतलेले आहे. टेबल नवे म्हणून खुर्ची आली, खुर्चीच्या उंचीला जुना दिवा शोभेना म्हणून नवा दिवा आला, आणि आता भिंतीवरची फळी जुनाट दिसू लागली आहे. फ्रेंच विचारवंत देनी दिदरो यांनी 1769 मध्ये एका निबंधात हाच अनुभव लिहून ठेवला होता. त्यांना एक उंची झगा भेट मिळाला आणि त्या झग्याच्या तोऱ्यापुढे खोलीतले एकेक सामान इतके केविलवाणे दिसू लागले की ते सारे बदलावे लागले. मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी 1988 मध्ये या साखळीला ‘दिदरो परिणाम’ असे नाव दिले. मुलाने फळी यादीत लिहिली. तिच्यापुढे तारीख घालताना त्याने पेन किती जोरात दाबले आहे, ते पानाच्या मागच्या बाजूला दिसते.

(दृश्य: मुलाचा चेहरा. येथे निवेदन नाही.)

(दृश्य: अठरावा दिवस. पुन्हा भिंत.)

अठरापैकी चौदा चौकोन रंगले आहेत. कोऱ्या चारांपैकी दोन गृहस्थांच्या नावावर आहेत, आणि दोन्ही वेळा सहकाऱ्यांबरोबर बाहेर गेल्यावर आपला वाटा नाकारणे त्यांना प्रशस्त वाटले नव्हते. एकट्याने खर्च थांबवणे सोपे असते. चारचौघांत ‘या महिन्यात नको’ हे तीन शब्द उच्चारणे कठीण असते.

(दृश्य: शिवणाचा डबा. आजी दप्तराचा तुटलेला पट्टा शिवत आहेत.)

हा पट्टा एरवी नव्या दप्तराचे निमित्त ठरला असता. आजींनी दुहेरी दोरा घेतला, आधीच्या शिवणीच्या भोकांतूनच सुई नेली आणि शेवटी चौकोनात आडवी-तिरपी शिवण घातली, जेणेकरून ओझ्याचा ताण एकाच रेषेवर येऊ नये. शिवणे संपायला चाळीस मिनिटे लागली. आम्ही कॅमेरा बंद केला नाही आणि मुलगाही तेथून उठला नाही.

तीस दिवसांत सवय बदलते, असे खात्रीने सांगता येणार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागल्याचे आढळले, आणि व्यक्तीगणिक हा काळ 18 पासून 254 दिवसांपर्यंत बदलत होता. सर्वांनीच एकदम हात आखडला तर विक्री आणि रोजगार घटतात, हा 1936 मध्ये अर्थशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी मांडलेला मुद्दाही खरा आहे. एका घराच्या एका महिन्याने तेवढे घडत नाही. या घराचे कार्डाचे देणे तिसाव्या दिवशी संपले नव्हते, मात्र कमी झाले होते.

(दृश्य: एकतिसावा दिवस, सकाळ. वहीचे शेवटचे पान, लाल पेन.)

यादीत सव्वीस नोंदी आहेत. बाई एकेक नोंद मोठ्याने वाचत आहेत आणि ज्याने ती लिहिली त्याने ‘हवी’ किंवा ‘नको’ सांगायचे आहे. सातव्या नोंदीपाशी गृहस्थांना ती आपण कशासाठी लिहिली होती हेच आठवेना. एकोणीस नोंदींवर लाल रेघ पडली, सहांसमोर खूण झाली. सव्विसावी उरली, ती फळी. ‘राहू दे’, असे मुलगा म्हणाला. हे उत्तर ठरलेल्या दोन उत्तरांपैकी नव्हते, म्हणून बाईंनी पेन खाली ठेवले आहे.

(दृश्य: टेबल, जुनी फळी, शिवलेले दप्तर. भिंतीवर आजी नवा कागद चिकटवत आहेत. तो अजून आखलेला नाही.)