झाड व्हायला नकार देणारा डिटेक्टिव्ह

पावसाळी रात्र. यॉर्कशायर पोलिसांतला रॉनल्ड क्रेव्हन मुलीला घेऊन घरी येतो. दारात पोचतात न पोचतात तोच बंदुकीचा बार होतो आणि एम्मा बापाच्या डोळ्यांदेखत कोसळते.

४ नोव्हेंबर १९८५. बीबीसी टूवर 'एज ऑफ डार्कनेस' ही मालिका सुरू झाली. भाग फक्त सहा. लेखक ट्रॉय केनेडी मार्टिन, दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेल.

सगळे धरून चालतात की नेम बापावरच होता. उत्तर आयर्लंडमध्ये त्यानं खबरे सांभाळलेले, वैरी असणारच. पण एम्माच्या खोलीत त्याला पिस्तूल सापडतं. शेजारी गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र. तिथून माग निघतो तो थेट नॉर्थमूरला, जमिनीखालच्या अणुकचऱ्याच्या साठ्यात लपवलेल्या प्लुटोनियमपर्यंत.

नॉर्थमूर काल्पनिक. भीती मात्र खरी होती. १९८३ साली अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी अंतराळातल्या क्षेपणास्त्र-कवचाची घोषणा केली होती, आणि इंग्लंडमध्ये ग्रीनहॅम कॉमनच्या हवाई तळाबाहेर अण्वस्त्रांविरोधात बायका तळ ठोकून बसल्या होत्या.

तरी मालिका चालते ती बॉब पेकच्या चेहऱ्यावर. रंगभूमीवर मुरलेला हा नट रडणं टाळतो, बोलणंही टाळतो. मेलेली एम्मा येऊन त्याच्याशी गप्पा मारते. भूत की भास? मालिका सांगत नाही, आणि तेच बरं. पार्श्वभूमीला एरिक क्लॅप्टनची गिटार, मायकेल केमनच्या साथीनं. त्यात जो डॉन बेकरचा जेडबर्ग, सीआयएचा धिप्पाड, गोल्फवेडा माणूस, आला की पडदा त्याचाच होतो.

केनेडी मार्टिनला शेवटी क्रेव्हनचं झाड करायचं होतं. अक्षरशः झाड! पृथ्वी स्वतःचा सांभाळ करणारा सजीव आहे, या जेम्स लव्हलॉकच्या 'गाया' कल्पनेनं त्याला झपाटलं होतं. पेक आणि कॅम्पबेल दोघांनीही हरकत घेतली, आणि झाड गेलं. डोंगरावरची काळी फुलं तेवढी उरली: माणसानं फार छळलं तर पृथ्वी त्यालाच झटकून टाकेल, असं सांगणारी.

शेवटचा भाग ९ डिसेंबरला झाला. दहा दिवसांतच बीबीसी वननं सलग तीन रात्री सगळी मालिका पुन्हा दाखवली. पाठोपाठ सहा बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचे सिनेमा-टीव्हीचे मानाचे पुरस्कार. १९८६च्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलचा अणु-अपघात झाला.

२०१०मध्ये कॅम्पबेलनंच मेल गिब्सनला घेऊन हीच गोष्ट बॉस्टनला नेली, दोन तासांत बसवली. तो सिनेमा बघायचा राहिला तरी चालेल.