कोंबडी कच्ची असली तरी कोंबडीच

नमस्कार श्रोतेहो. मी जनावरांची डॉक्टर. सोलापुरात गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री यांच्या जोडीला अलीकडे माझ्याकडे मांजरं बरीच येऊ लागली आहेत. आज त्यांच्यातल्या एकीबद्दल बोलायचं आहे.

तिचं नाव चिन्नी. पूर्व भागातल्या एका विणकराच्या घरची, पांढरी, पाठीवर दोन काळे ठिपके, वय चार वर्षं. तिच्या मालकीणबाईंना मी अक्का म्हणते. अक्का तिला बाजाराच्या पिशवीत घालून घेऊन आल्या. टेबलावर ठेवल्यावर मी तिच्या मानेवरून केसांच्या उलट दिशेनं बोटं फिरवली, तर बोटांना राळ्याचे दाणे सांडल्यासारखं लागलं. बारीक, टणक खपल्या. डोळ्याच्या वर नखांनी ओरबाडून कातडी ओली झालेली. पोटावरचे केस तर वस्तऱ्यानं काढल्यासारखे साफ, आणि तिथं ओरखडा एकही नाही. ते केस तिनं चाटून चाटून काढले होते. मांजराला खाज सुटली की ते खाजवेलच असं नाही, पुष्कळदा ते नुसतं चाटत बसतं. घरच्यांना वाटतं, आमची मनी किती स्वच्छ!

अक्का म्हणाल्या, "तीन महिने झाले की ओ डॉक्टर, कच्चंच घालतोय. शिजवलेलं एकदम बंद. पुण्याच्या पोरानं फोनवर दाखवलं, ॲलर्जीला कच्चं मांस चांगलं म्हणून. वाघ काय कुकर लावून खातोय का?"

मी विचारलं, "कच्चं म्हणजे कशाचं, अक्का?"

"चिकनचं की. रोज ताजा खिमा आणतोय."

"आणि आधी काय खायची?"

"चिकनच. उकडून."

श्रोतेहो, कच्च्या आहाराबद्दल मला जे सांगायचं आहे ते या एवढ्या बोलण्यात आलं. मांजराला कोंबडीची ॲलर्जी असेल, तर उकडलेली बंद करून कच्ची दिल्यानं त्याच्या पोटात जायची ती कोंबडीच जाते. अन्नाची ॲलर्जी म्हणजे शरीराची राखण करणारी यंत्रणा एखाद्या प्रथिनाला शत्रू समजून बसते. ते प्रथिन कुठल्या प्राण्याचं, हा मुख्य प्रश्न आहे. पातेलं चुलीवर चढलं की नाही, हा त्यानंतरचा. मांजरांच्या बाबतीत आजवर जास्तीत जास्त नोंदी आहेत त्या गोमांस, मासे आणि कोंबडी यांच्या. धान्याला उगाच बोल लावला जातो, त्याची ॲलर्जी मांजरात कमीच आढळते.

"पण चार वर्षं खातीय की, आत्ताच कसं?" हा अक्कांचा पुढचा प्रश्न, आणि तो मला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. ॲलर्जी ओळखीच्याच अन्नाची होते. शरीरानं जे कधी पाहिलंच नाही, त्याच्याशी ते वैर कसं धरणार? वर्षानुवर्षं बिनतक्रार खाल्लेली वस्तूच एक दिवस बाधायला लागते.

मग कच्चं सुरू केल्यावर पहिला महिनाभर चिन्नी बरी कशी होती? अक्का खोटं बोलत नव्हत्या, तिची खाज खरोखरच थांबली होती. पण त्याच आठवड्यात तिला कुठेतरी खाजेचं इंजेक्शन दिलं गेलं होतं. ते स्टेरॉइड मांजराच्या अंगात महिना-दीड महिना काम करत राहतं. गुण आला इंजेक्शनाचा, नाव झालं कच्च्या मांसाचं. आणि हे इंजेक्शन देणाऱ्यांत मीही होते. सुरुवातीच्या वर्षांत खाजणारं मांजर आलं की मी सुई टोचून मोकळी व्हायची, ते काय खातं हे विचारायचीसुद्धा नाही. त्यातली काही मांजरं वर्षानुवर्षं तेच अन्न खात, तीच सुई घेत राहिली. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि म्हणूनच हे बोलण्यासाठी मी इथं आले आहे.

अन्नावर संशय घेण्याआधी पिसवा बघायच्या. सोलापूरच्या हवेत त्या बाराही महिने असतात, आणि पिसवेच्या चाव्याची ॲलर्जी अन्नाच्या ॲलर्जीपेक्षा कितीतरी जास्त मांजरांना असते. "आमच्या मांजराला एकही पिसू नाही" यावर मी विश्वास ठेवत नाही, कारण मांजर ती चाटून गिळून टाकतं. शेपटीच्या मुळाशी बारीक फणी फिरवा, निघालेली काळी कसपटं ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवेची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. आणि कृपा करून कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यातल्या पुष्कळ औषधांत परमेथ्रिन असतं. त्यानं मांजराला झटके येतात, जीवही जातो. चिन्नीच्या कापसावर डाग आला नाही, तरी मी तिला मांजराचं औषध लावूनच पुढं गेले.

आता कच्च्या मांसाचा एवढा बोलबाला कशामुळे, तेही बघू. अमेरिकेत डॉ. फ्रान्सिस पॉटेंजर यांनी १९३२ ते १९४२ या काळात मांजरांवर प्रयोग केले. कच्चं मांस खाणारी मांजरं धडधाकट राहिली, शिजवलेलं खाणाऱ्यांची पिढ्यागणिक दैना झाली. कच्च्याची बाजू घेणारे आजही याच प्रयोगाचा दाखला देतात. पण टॉरीन नावाचा घटक मांजराला किती लागतो, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आपल्या शरीरात टॉरीन तयार होतं. मांजराला ते पुरेसं करता येत नाही, मांसातूनच घ्यावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदय सैल पडून फुगतं. या हृदयविकाराचं मूळ टॉरीनच्या कमतरतेत आहे, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यकांनी १९८७ मध्ये दाखवलं, आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात ते वाढवलं गेलं. मांस उकडलं की टॉरीन पाण्यात उतरतं. आपण ते पाणी ओतून देतो. म्हणजे पॉटेंजरांच्या मांजरांना शिजवणं बाधलं, यापेक्षा टॉरीन कमी पडलं, हेच आज पटतं. तेव्हा मांस शिजवा, पण पाणी फेकू नका, मांसासोबत तेच अळणी पाणी मांजराला द्या, आणि वरून लागणारं टॉरीन डॉक्टरांना विचारून घाला.

वाघाचं म्हणाल, तर डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं दगावले. त्याच महिन्यात अमेरिकेत बर्ड फ्लूचा विषाणू असलेलं कच्चं गोठवलेलं खाद्य खाऊन घरातलं मांजर मेल्याची घटना घडली. मार्च २०२५ मध्ये आपल्या सोलापुरात कावळे पटापट मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लूच निघाला, हे तुमच्या लक्षात असेल. मांजराच्या कुळाला हा रोग फार जड जातो. कच्ची कोंबडी देताना मला त्याची धास्ती वाटते. साल्मोनेला आणि इतर जंतू आहेतच. फ्रीजरमध्ये ठेवल्यानं ते मरत नाहीत, नुसते झोपतात. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीसच्या पुढं जातो. दुकानातून घरापर्यंत अर्धा तास, मग वाटीत तास-दोन तास, मधेच लाइट गेली तर फ्रीजही बंद. मांजर वाटी चाटतं, मग आपलं अंग चाटतं, मग लेकराच्या कुशीत जाऊन झोपतं. घरात गरोदर बाई, तान्हं मूल, म्हातारं माणूस किंवा कॅन्सरचे उपचार घेणारं कुणी असेल तर कच्चं मांस मांजराला देऊच नका. आणि ज्या मांजराला खाजेसाठी स्टेरॉइड चालू आहे, त्याची स्वतःची प्रतिकारशक्तीच दबलेली असते. कच्च्याचा हट्ट नेमका अशाच मांजरांसाठी धरला जातो, याची मला फार काळजी वाटते.

चिन्नीचं काय केलं, ते सांगते. आधी अक्कांना तिनं जन्मापासून काय काय खाल्लं ते आठवायला लावलं. कोंबडी, उजनीची चिलापी, सुकट, चिकनच्या चवीचं पुडक्यातलं खाद्य, दूध. बोकडाचं मटण? "एवढं महाग, तिला कोण घालतंय ओ!" मला हवं होतं ते सापडलं. जे तिच्या पोटात कधी गेलं नाही, तेच आठ आठवडे द्यायचं आणि खाज थांबते का ते बघायचं, हीच अन्नाच्या ॲलर्जीची परीक्षा. बटेर चालणार नव्हती, ती कोंबडीच्याच नात्यातली. तुमचं मांजर मटण खाऊन वाढलं असेल तर बोल्हाईचं, म्हणजे मेंढीचंही उपयोगी नाही, शेळी आणि मेंढी जवळची भावंडं. तिथं बदक बघा, किंवा प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेलं खास तयार खाद्य डॉक्टरांकडून घ्या. रानातला ससा मात्र धरू नका, तो कायद्यानं गुन्हा आहे.

अक्का दर रविवारी बोकडाचं चरबी काढलेलं मटण आणायच्या, मीठ-हळदसुद्धा न घालता शिजवून रोजच्या रोज पुरतील असे डबे फ्रीजरला लावायच्या. घरात खारं मटण झालं की त्यातलं एक बोटसुद्धा चिन्नीला नाही, कारण कांदा-लसणानं मांजराचं रक्त फुटतं. जुनं अन्न एकदम तोडलं नाही, आठवडाभरात हळूहळू बदललं. मांजराला "भूक लागली की खाईल" म्हणून उपाशी ठेवायचं नसतं. दोन-तीन दिवस खाल्लं नाही तरी त्याच्या यकृतात चरबी साठून ते मरणाच्या दारात जाऊ शकतं, त्यात लठ्ठ मांजर तर लवकर. नुसतं मटण हा फक्त परीक्षेपुरता आहार, हेही मी अक्कांना बजावलं. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नावाला. नुसत्या खिम्यावर वाढवलेली पिल्लं मी पाहिली आहेत. चार महिन्यांचं पिल्लू खाटेवरून उडी मारतं आणि पाय मोडतो. पिल्लांना असा आहार परीक्षेसाठीसुद्धा देऊ नका.

तिसऱ्या आठवड्यात खाज कमी झाली, चौथ्यात पुन्हा उसळली. अक्का रडकुंडीला आल्या. शोधता शोधता कळलं, पलीकडच्या घरातली मावशी भिंतीवरून रोज संध्याकाळी कोंबडीची कातडी टाकत होती. मायेनंच टाकत होती बिचारी. एवढ्याशा तुकड्यानं सगळी परीक्षा बुडते. जंताची गोळी मांसाच्या चवीची असली तरी बुडते. आम्ही पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. चिन्नीला घरात कोंडलं, मागच्या खोलीच्या खिडकीला जाळी मारली, आणि अक्कांच्या नातीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक खूण करायला घेतली. खाजवलं तर फुली, नाही तर गोल. रक्ताच्या किंवा केसांच्या तपासणीत अन्नाची ॲलर्जी कळते असं सांगून पैसे घेतले जातात. त्या पैशाचं मटण आणा. कॅलेंडरवरचे हे गोल त्याहून खरे असतात.

सहाव्या आठवड्यापासून फुली आलीच नाही. आठव्या आठवड्यात पोटावर मऊ केस उगवले. तेव्हा मी म्हटलं, आता कोंबडी द्या. अक्का माझ्यावर चिडल्या. "बरं झालंय लेकरू, परत कशाला दुखवायचं?" त्यांचं दुखणं मला समजत होतं. पण ही पायरी गाळली तर बरं कशानं वाटलं ते कधीच कळत नाही. पिसवेच्या औषधानं, ऋतू बदलल्यानं, की कोंबडी थांबल्यानं? उत्तर साधारण दोन आठवड्यांच्या आत मिळतं. चिन्नीनं ते चौथ्या दिवशी दिलं. सकाळी नातीचा फोन आला, "डॉक्टर, तीन फुल्या." कोंबडी त्याच दिवशी बंद.

आता चिन्नी बोकडाचं मटण खाते, शिजवलेलं, त्याच्याच पाण्यासकट, त्यात कॅल्शियम, टॉरीन आणि बाकीची जीवनसत्त्वं मोजून घातलेली. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात, त्या हिशेबानं अक्का काट्यावर तोलून वाढतात. वजन दर महिन्याला माझ्याकडे होतं. डोळ्यावरच्या जखमेच्या जागी केस आले नाहीत, तेवढी एक पांढरी चकती राहिली आहे. मावशी हल्ली काही टाकण्याआधी भिंतीवरून हाक मारते. माशांची परीक्षा अजून बाकी आहे. ती दिवाळी झाल्यावर घेऊ असं आमचं ठरलं आहे, आणि नातीनं पुढच्या वर्षाचं कॅलेंडर आतापासून मागून ठेवलं आहे.