आधी माणूस, मग फोटो

मंडळी, सुरुवात एका रिकाम्या रस्त्यापासून करतो. १८३८ साली फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक, लुई दागेर यांनी पॅरिसमध्ये उंचावरच्या खिडकीतून खालच्या रस्त्याचा फोटो घेतला. भर दिवसाचा, वर्दळीचा रस्ता. पण फोटोत ना घोडागाडी, ना गर्दी. प्रकाश टिपायला तेव्हा कित्येक मिनिटं लागायची, त्यामुळे हलणारं काहीच पत्र्यावर (तेव्हा फोटो धातूच्या पत्र्यावर उमटायचा) उमटायचं नाही. कोपऱ्यात मात्र एक माणूस दिसतो. बहुधा बूट पॉलिश करून घेत होता, जागचा हलला नाही, म्हणून उरला. फोटोत आलेला हा बहुधा पहिला माणूस. त्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही.

जुने फोटो गोळा करणाऱ्याचं सगळं दुखणं त्या एका पत्र्यात आहे. बरेच लोक फोटोत आलेच नाहीत, आणि जे आले त्यांची नावं गेली.

माझी एक चूक सांगतो. खूप वर्षांपूर्वी एका वयस्कर बाईंनी मला ट्रंकभर फोटो दिले. मी उत्साहाने एकेक स्कॅन केला, सहाशे डीपीआयवर (म्हणजे इंचाला सहाशे ठिपके), टिफ प्रकारची फाइल, क्रमांक, सगळं शिस्तीत. यात काही महिने गेले. परत द्यायला गेलो तेव्हा बाई समोर बसलेल्या होत्या, पण आठवण गेली होती. स्वतःच्या लग्नाचा फोटो त्यांनी परक्यासारखा पाहिला. फाइली उत्तम होत्या, नावं एकही नव्हती. त्या दिवसापासून माझा क्रम उलटा झाला: आधी माणूस, मग फोटो. कागद अजून दहा वर्षं थांबू शकतो.

अपवाद आहेत. १९५०च्या आसपासपर्यंत नायट्रेट नावाच्या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या फिल्म वापरात होत्या. त्या भयंकर पेट घेतात. तशी शंका आली तर घरात ठेवू नका, जाणकाराला दाखवा. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती ॲसिटेट या दुसऱ्या प्रकारच्या फिल्मची आहे आणि कुजायला लागली आहे. तिथे स्कॅनिंगची घाई करा. आणि कृपा करून फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका. मऊ शिसपेन्सिल, तीही कडेला, हलक्या हाताने.

आता विचारायचं कसं? ‘हे कोण?’ एवढ्यावर थांबलात तर नावांची यादी मिळेल आणि माणसं थकतील. फोटो कोणी काढला, हे विचारा. त्याआधीच्या अर्ध्या तासात काय चाललं होतं, तो सदरा कोणाचा होता, हे विचारा. सदरे उसने आणलेले असायचे! आणि माझा आवडता प्रश्न: या फोटोत कोण असायला हवं होतं आणि नाही? इथे माणसं गप्प होतात. मग रुसवे निघतात, वाटण्या निघतात, कामाला जुंपलेली सून निघते. रेकॉर्डर चालू राहू द्या. फक्त एक पथ्य पाळा. बोलणारा बोट ठेवून ‘हा’ म्हणतो, ते ध्वनिमुद्रणात दिसत नाही. तुम्ही लगेच म्हणायचं, ‘म्हणजे मागच्या रांगेत डावीकडून तिसरे, टोपीवाले.’

शक्यतो दोघांना एकत्र बसवा. ते भांडतील, भांडू द्या. कोण बरोबर हे तिथल्या तिथे ठरवायचा मोह होतो, तो आवरा. इटलीत तेर्नी नावाचं पोलादाच्या कारखान्याचं शहर आहे. तिथे १९४९ साली नाटोविरोधी निदर्शनात लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. मौखिक इतिहासाचे अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी पुढे तिथल्या कामगारांच्या आठवणी नोंदवल्या, तर अनेकांनी हा मृत्यू १९५३ मध्ये घडल्याचं सांगितलं, कामगारकपातीविरुद्धच्या लढ्यात. तारीख साफ चूक. पण चूक इतक्या जणांची एकच कशी? तो मृत्यू त्यांना मोठ्या लढ्याशी जोडायचा होता. पोर्तेल्लींनी ती चूक खोडली नाही, तिचाच अभ्यास केला. आपणही खरी तारीख नोंदवावी आणि सांगितलेली तिच्या शेजारी ठेवावी.

फोटोही फसवतो बरं का. निगेटिव्ह उलटी धरून छापली की डावं-उजवं बदलतं. पाटीवरची अक्षरं, सदऱ्याची बटणं तपासा, मगच ‘देऊळ पूर्वी रस्त्याच्या पलीकडे होतं’ असा शोध जाहीर करा. (हा शोध मी एकदा लावून बसलो आहे.)

नावं लोकांकडूनच येतात. २००८ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने सुमारे तीन हजार फोटो फ्लिकर या फोटोंच्या वेबसाइटवर ठेवले. लोकांनी जागा ओळखल्या, माणसं ओळखली आणि ग्रंथालयाने ती माहिती पडताळून आपल्या नोंदी सुधारल्या.

मी त्या ट्रंकेतल्या फोटोंचं हेच केलं, पण भिंतीवर. मोठे प्रिंट काढून टांगले, प्रत्येकाखाली कोरा कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. बरेच कागद कोरेच राहिले. एका मुलीच्या फोटोखाली मात्र दोन हस्ताक्षरांत दोन नावं आली. दुसऱ्या दिवशी त्याखाली तिसरी ओळ: ‘दोन्ही चूक. ही आमची आत्या. त्या दिवशी खूप रडली होती.’ घरी येऊन फाइल उघडली, चेहरा मोठा करून पाहिला. डोळे सुजलेले होते. स्कॅन करताना मला ते दिसलं नव्हतं. आत्याचं नाव मात्र त्या ओळीत नव्हतं, आणि लिहिणाऱ्याचंही.