खुर्ची रिकामी ठेवायची का?

मागच्यांनी पुढे या. सभागृहातही शिक्षक आधी मागचीच बाकं धरतात. (हशा)

विषय छापलाय 'नाटक पाहण्यापूर्वी वर्गात करायचे नेपथ्याचे उपक्रम'. त्यावर येतोच, पण आधी एक जुनं दुखणं.

मुलांना नाटकाला न्यायचं ठरलं की आपण गोष्ट सांगून टाकतो आणि पोस्टर रंगवायला बसवतो. नाटक अजून कुणी पाहिलेलं नाही, मग मुलं काय काढणार? लाल पडदा, आणि मध्ये एक हसरा, एक रडका मुखवटा. एका शाळेत भिंतभर तेच लावलेलं होतं. एका मुलीला विचारलं, "हे कोण गं?" ती म्हणाली, "नाटक." बिचारीचं बरोबरच होतं.

पुढची पायरी प्रश्नपत्रिकेची. काही ठिकाणी ती प्रयोगाच्या आधीच वाटतात, म्हणजे पोरं अंधारात गुडघ्यावर कागद ठेवून लिहितायत आणि रंगमंचावर कोण मेलं याचा पत्ता नाही. 'नेपथ्य कसे होते?' 'नेपथ्य छान व प्रसंगानुरूप होते.' हे वाक्य कुठल्याही मुलानं रचलेलं नाही. ते वहीतून वहीत चालत आलंय. छापील परीक्षणांतही मी ते वाचलंय, तेव्हा मुलांना कशाला बोल लावा? (हशा)

मूल 'छान' लिहितं, कारण हे वेगळंही करता आलं असतं, हे त्याला ठाऊकच नसतं. समोर दिसतंय ते कुणीतरी ठरवलेलं आहे आणि दुसरं काहीतरी नाकारून ठरवलेलं आहे, एवढं त्याला कळलं तरी पुरे. आणि त्यासाठी त्यानं आधी स्वतः काहीतरी ठरवलेलं असावं लागतं.

शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधली मेजवानी घ्या. राजा झालेल्या मॅकबेथनं आपला मित्र बँको याचा खून करवलाय आणि त्याचं भूत मॅकबेथच्या जागेवर येऊन बसतं. दिसतं फक्त मॅकबेथला. मग प्रेक्षकांना दाखवायचं का? 1623च्या छापील प्रतीत भूत प्रवेश करून बसतं अशी स्पष्ट रंगसूचना आहे. तरीही 1794 साली लंडनच्या जॉन फिलिप केंबल या नटानं खुर्ची रिकामीच ठेवली. भूत दाखवलं तर आपण मॅकबेथच्या डोळ्यांनी बघतो. खुर्ची रिकामी ठेवली तर आपण पाहुण्यांत जाऊन बसतो आणि यजमान वेडा वाटायला लागतो. हा प्रश्न वर्गात टाका आणि गप्प बसा. गप्प बसणं आपल्याला जड जातं, पण बसा. मुलं भांडतील. प्रयोगात तो प्रसंग येईल तेव्हा कुणाला गप्प करावं लागणार नाही, सगळे खुर्चीकडेच बघत असतील.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता भराभर.

बुटांचा खोका घ्या, त्यात रंगमंचाची छोटी प्रतिकृती करायची. प्रमाण 1:25, नेपथ्यकार बहुतेकदा हेच वापरतात. पावणेदोन मीटरचा नट सात सेंटिमीटरचा होतो. हा पुठ्ठ्याचा माणूस आधी कापा, भिंती नंतर. नाहीतर मुलं एवढे मोठे महाल बांधतात की दारातून नटाला रांगत यावं लागेल. मग कडेच्या खुर्चीच्या जागेवरून दोरा ताणा. दोरा खांबाला अडला, तर त्या प्रेक्षकाला मागचं दिसणार नाही. खांब हलवा.

दुसरं, संहितेतले पुरावे. 'मॅकबेथ'च्याच सुरुवातीला राजा डंकन मॅकबेथच्या किल्ल्याशी येतो तेव्हा हवेचं कौतुक करतो, बँको पाकोळ्यांची घरटी दाखवतो. त्याच किल्ल्यात त्या रात्री राजाचा खून होतो. गटांना सांगा: एकच नेपथ्य, दोन्ही प्रसंग, आणि सामान फक्त तीन वस्तूंचं. अट हवीच. मोकळं सोडलंत की ज्वालामुखी येतो.

तिसरं, रंग. प्रत्येक पात्राला कापडाचा एकच तुकडा द्यायचा आणि कोणत्या प्रसंगात तो बदलेल ते सांगायचं. का, हेही सांगायचं.

या खोक्यांना गुण देऊ नका, बक्षीस तर नकोच. बक्षीस आलं की आई-बाबा बांधायला बसतात. प्रयोगानंतर प्रश्न एकच विचारा: तू काय ठरवलं होतंस आणि त्यांनी काय ठरवलं? त्यांचं चुकलं असं मुलाला वाटलं, तर वाटू द्या, कारण मात्र मागा.

प्रकाशयोजना राहिली. शेक्सपिअरच्या ग्लोब या उघड्या छताच्या नाट्यगृहात हे नाटक भर दुपारी व्हायचं, तरी झोपेत चालणाऱ्या लेडी मॅकबेथच्या, म्हणजे मॅकबेथच्या बायकोच्या, हातात मेणबत्ती का, हा सगळ्यात मजेदार उपक्रम आहे. पण पुढच्या वक्त्या उभ्याच राहिल्यात. ज्यांना हवाय त्यांनी बाहेर गाठा.