काणकोणचं पाणी आणि मूत्रपिंडाच्या पेशी

श्रोतेहो, नमस्कार.

कोविडच्या साथीत तुम्ही कोवॅक्सिन घेतली असेल, तर तिच्यासाठी लागणारा विषाणू माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवलेला होता. या पेशी १९६२ साली जपानमधल्या चिबा विद्यापीठात आफ्रिकेतल्या हिरव्या माकडापासून मिळवल्या, आणि त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची संतती आजही वाढते आहे. कोविशिल्ड घेतली असेल, तर तिच्यामागे मानवी गर्भाच्या मूत्रपिंडापासून १९७३ साली नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या पेशींचं कूळ आहे. लस शुद्ध करताना या पेशी काढून टाकल्या जातात. पण त्यांच्याशिवाय ती लस बनली नसती.

असं असूनही या दोन्ही कुळांचा खुद्द मूत्रपिंडाच्या आजारांना फारसा उपयोग नाही. वर्षानुवर्षं बाटलीत वाढून त्या मूत्रपिंडाचं बरंचसं काम विसरल्या आहेत. आणि आपल्या गोव्याला तर खुद्द मूत्रपिंडाचाच प्रश्न पडलेला आहे. काणकोण तालुक्यात मधुमेह नाही, रक्तदाब नाही अशाही माणसांची मूत्रपिंडं निकामी झाली. कुणी पाण्यातल्या सिलिकाकडे बोट दाखवतं, कुणी शिशाकडे. नेमकं कारण अजून सिद्ध झालेलं नाही.

आपल्या एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात आणि प्रत्येकीला जोडलेली एक नलिका. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात, आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा या नलिकांच्या पेशी परत रक्तात घेतात. विषाचा पहिला फटका बहुतेक वेळा या पेशींनाच बसतो, कारण खेचून घेणं हेच त्यांचं काम.

या पेशी वाढवायच्या कशा? ऊतीचा तुकडा बारीक चिरायचा, विकरानं पेशी सुट्या करायच्या आणि प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये गुलाबी मीडियममध्ये, म्हणजे पेशींना पोसणाऱ्या द्रवात, सोडायच्या. ३७ अंश तापमान, हवेत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड. दोन-तीन दिवसांनी मीडियम बदलायचं. गुलाबी रंग पिवळा पडला की समजायचं, आम्ल वाढलं, पेशींना आता नवं मीडियम हवं. तळ भरला की ट्रिप्सिन या विकरानं पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये वाटून द्यायच्या. आपल्याकडे जून-जुलैत भिंतीला, चपलांना, पुस्तकांना बुरशी धरते. तिचा एक कण आत गेला तरी फ्लास्क वाया जातो. पावसाळ्यात हे काम करणाऱ्या मुलामुलींच्या चिकाटीचं मला खरंच कौतुक वाटतं.

कुत्र्याच्या मूत्रपिंडाची १९५८ सालची एक पेशीमालिका आहे. तिच्या पेशी तळावर एकमेकींना घट्ट चिकटून सलग थर धरतात, आणि मग वरच्या मीडियममधलं मीठ आणि पाणी ओढून खाली ढकलू लागतात. खाली तर प्लास्टिक! पाण्याला जायला वाट नाही. मग थर जागोजागी उचलला जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली छोटे छोटे घुमट दिसतात. ना रक्त, ना शरीर, तरी पेशी आपलं काम करत राहते. एवढं सुंदर दृश्य जीवशास्त्रात मी फार थोडं पाहिलं आहे.

माणसाच्या ताज्या नलिकापेशी मात्र हट्टी. फ्लास्कमध्ये आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या पृष्ठभागावरची पदार्थ आत घेणारी प्रथिनं कमी होत जातात. यात मोठा धोका आहे. विष आत शिरायची वाटच बंद झाली, तर पेशी जिवंत राहते आणि आपण निष्कर्ष काढतो की पाणी निर्धोक आहे. शिवाय फ्लास्कमधला प्रयोग काही दिवसांचा. माणूस विहिरीचं पाणी तीस-चाळीस वर्षं पितो. म्हणून पेशींच्या एका चाचणीवरून कुणी पाण्याला दोषी किंवा निर्दोष ठरवलं, तर त्यावर विसंबू नका.

‘प्रयोगशाळेत मूत्रपिंड तयार’ अशा मथळ्यांबद्दलही सांगितलं पाहिजे. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी मूलपेशींपासून, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या निरनिराळ्या पेशी घडवता येतात अशा पेशींपासून, काही मिलिमीटरचे गोळे वाढवले. त्यांत गाळण्या होत्या, नलिका होत्या. पण ते पहिल्या तिमाहीतल्या गर्भाच्या मूत्रपिंडासारखे. त्यांना धड रक्तपुरवठा नाही, मूत्र बाहेर पडायला वाट नाही. डायलिसिसवर असलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, या बातम्यांच्या भरवशावर एकही फेरी चुकवू नका.

मला खरी आशा वाटते ती वेगळ्याच ठिकाणी. आपल्या मूत्रातून मूत्रपिंडाच्या काही जिवंत पेशी रोज बाहेर पडत असतात. सुई नाही, शस्त्रक्रिया नाही. ताजा नमुना घेऊन त्या वेगळ्या करता येतात, वाढवता येतात, त्यांच्यापासून मूलपेशीही करता येतात. काणकोणच्या रुग्णानं संमती दिली, तर त्याच्याच पेशींवर त्याच्याच विहिरीतल्या पाण्याचे घटक तपासता येतील, आणि शेजारच्या निरोगी माणसाच्या पेशींशी ताडून पाहता येतील. काम बेतशीर पैशात, गोव्यातच होण्याजोगं आहे. ते इथेच सुरू व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

नमस्कार.