ताटातली वजाबाकी

[दृश्य : बॅलन्स बीमवर अनवाणी पावलं]

बॅलन्स बीम म्हणजे जिम्नॅस्टिक्समधली तोल सांभाळायची आडवी पट्टी. तिची रुंदी फक्त 10 सेंटिमीटर. इथे गुण घड्याळ देत नाही, पंचांचे डोळे देतात. रिदमिक जिम्नॅस्टिक्स आणि फिगर स्केटिंगमध्येही तेच.

अमेरिकन जिम्नॅस्ट क्रिस्टी हेनरिच 26 जुलै 1994 रोजी गेली. वय 22. ॲनोरेक्सिया (वजनाच्या धास्तीने उपाशी राहणं) आणि बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलट्या काढणं) या खाण्याच्या आजारांनी अवयव निकामी झाले होते.

स्पर्धा जवळ आली, की निकाल पंचांच्या हाती, निवड कोचच्या हाती. मुलीच्या हाती उरतं ताट. एक पोळी टाळली, की धडधड थोडी बसते. ताण झेलायची ही युक्ती लवकर अंगवळणी पडते, आणि भोवतालचे तिला शिस्त म्हणून शाबासकी देतात. खरी गोम इथेच आहे.

[दृश्य : डबा, शेजारी वही]

आता हिशोब. दिवसभर खाल्लेल्या कॅलरींतून सरावात खर्च झालेल्या वजा करा. उरलेल्यांना शरीराच्या चरबीविरहित वजनाने भागा. उत्तर 45 च्या आसपास हवं. 30 च्या खाली धोका वाढतो. काहींचं त्याआधीच बिघडतं. चरबीविरहित वजन 40 किलो, खाल्लं 1800, सरावात गेले 600. उरले 1200, म्हणजे किलोमागे 30. हिने खायला हवेत 2400 : 45 गुणिले 40, अधिक सरावाचे 600. शिबिरात सरावाचे तास वाढले आणि डबा तोच राहिला, तर डाएट न करताही मुलगी इथे पोचते.

इंधन कमी पडलं, की मेंदू पाळीचे संदेश मंदावतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक घसरतं, हाडं ठिसूळ होतात, नडगीला किंवा पावलाला बारीक तडा जातो. सलग तीन महिने पाळी नाही, किंवा पंधरावं सरलं तरी सुरूच नाही, तर डॉक्टर गाठा. ‘खेळाडूंचं असंच असतं’ हे खरं नाही. गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण मूळ बिघाड झाकला जातो.

वजनकाट्यावर भिस्त ठेवू नका. बुलिमियात वजन बरोबर दिसू शकतं. बोटांच्या पेरांवर घट्टे, सुजलेले गाल, झिजलेले दात पाहा. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम घटून हृदयाची लय बिघडते. चक्कर किंवा छातीत धडधड असेल, तर सराव बंद आणि थेट रुग्णालय.

कोचने चारचौघांत वजन करू नये, ताटावरून टोकू नये. एकांतात विचारावं, ‘दमल्यासारखी दिसतेस, झोप लागते का? पाळी वेळेवर येते का?’ पुढचं काम डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञाचं. आजार बळावलेला नसेल, तर रोज 300 ते 600 कॅलरी वाढवून सुरुवात होते : पेलाभर दूध, केळं, शेंगदाण्याचा लाडू. खूप काळ उपाशी राहिलेल्या मुलीला मात्र घरच्या घरी भरभर खाऊ घालणं धोक्याचं.

[दृश्य : मुलगी बीमवरून पडते]

आणि ताण? त्याला दुसरी वाट द्यावी लागते. पडल्यावर पुन्हा चढायला 10 सेकंद मिळतात. त्यांचा क्रम सरावातच बसवता येतो : हाताला चॉक, एक लांब श्वास, पुढची उडी डोळ्यांपुढे, आणि वर.