उसाच्या फडात रात्री शूट: इन्फ्रारेडसाठी कॅमकॉर्डर कुठला?

(दृश्य: ऊसतोड चालू, कोयत्यांचा आवाज)

जुन्नर तालुका. कुकडीच्या पाण्यावर वाढलेला हा ऊस, आणि बिबट्याची मादी पिल्लं घालते ती याच उसात, कारण लपायला जागा इथेच मिळते. मग तोड सुरू झाली की असं होतं.

(दृश्य: सरीत, पाचटाखाली पिल्लू)

काम थांबतं, वनखात्याला फोन जातो, माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातून डॉक्टर येतात, पिल्लू तपासतात, आणि संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवून सगळे लांब जातात. पुढचं सगळं आईच्या हातात. ती अंधार पडल्यावर येते, आणि तेव्हा तिथे टॉर्च नको, मोबाइलचा फ्लॅश नको, गाडीचे हेडलाइट पण नकोत. म्हणजे शूट करायचंच असेल तर फक्त इन्फ्रारेडवर, डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडावर, नाहीतर कॅमेरा घरी ठेवा, याबाबत माझं मत पक्कं आहे.

(क्लोजअप: कॅमकॉर्डरची लेन्स, बटण दाबणारं बोट)

आपल्याला साधारण ७०० नॅनोमीटर तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश दिसतो, त्याच्या पुढचा तो इन्फ्रारेड. कॅमेऱ्याच्या सेन्सरला त्याच्या पुढचाही दिसतो, अगदी १००० च्या आसपासपर्यंत, पण त्याने दिवसाचे रंग बिघडतात म्हणून सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर बसवलेला असतो. मिररलेस आणि डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या फोटोच्या कॅमेऱ्यांमध्ये, तो कायमचा बसवलेला, काढायचा तर कॅमेरा खोलावा लागतो, आणि त्यातले बरेच जुने कॅमेरे अर्ध्या तासाने रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात, तेही रात्रभराच्या कामाला चालत नाही. नाइट मोडवाल्या कॅमकॉर्डरमध्ये मात्र बटण दाबलं की फिल्टर बाजूला सरकतो. सोनीने १९९८ मध्ये हँडीकॅमला हे दिलं, नाव ठेवलं नाइटशॉट.

तर घेताना पहिलं हेच बघायचं, फिल्टर सरकतो का. नुसतं 'लो लाइट' लिहिलेलं असेल तर तो सिग्नल वाढवून दाखवतो, फडातल्या काळोखात त्याला काही मिळणार नाही. आणि खोक्यावर '० लक्स' (लक्स म्हणजे उजेडाचं माप) असेल तर त्याचा अर्थ कॅमेऱ्याच्या स्वतःच्या इन्फ्रारेड दिव्यावर, तेही काही मीटरपुरतं. दुकानात अंधारी खोली मागा, टीव्हीचा रिमोट आपल्या तळहातावर धरून दाबा, स्क्रीनवर हात उजळलेला दिसला की कॅमेरा कामाचा.

(दृश्य: दोन कॅमेरे शेजारी शेजारी)

हा सोनीचा एएक्स५३, २०१६ चा, फोर-के, २० पट झूम. हा कॅननचा एक्सए१०, २०११ चा, फुल एचडी, १० पट झूम. कागदावर सोनी पुढे आहे, पण झूम केल्यावर बघा काय होतं. लेन्सचा एफ आकडा वाढला की आत येणारा उजेड घटतो. सोनीची लेन्स एफ २.० वरून ३.८ वर जाते म्हणजे उजेड साडेतीन पटीहून जास्त घटतो, कॅननची १.८ वरून २.८ वर, तिथे अडीच पटीच्या आतच. आणि अंधारात चित्रात एवढे दाणे येतात की फोर-केचा फायदा उरत नाही. शिवाय कॅननचं चित्र हिरवं की पांढरं ते ठरवता येतं आणि दोन कार्ड बसतात, एक भरलं की दुसरं आपोआप चालू. या कामाला मी जुना एक्सए१० घेईन, आणि वाचलेले पैसे दिव्यावर घालीन.

(दृश्य: त्याच उसाचे दोन शॉट)

हा शॉट कॅमेऱ्याच्याच दिव्यावरचा. जवळची पानं पांढरीफेक, मधे उडणारे किडे आणि धूळ, क्रेट दिसतच नाही. हा दुसरा, वेगळा इन्फ्रारेड दिवा बाजूला, बांबूवर. सीसीटीव्हीसाठी मिळतो तोच १२ व्होल्टचा, बॅटरीवर चालतो. अंतर दुप्पट केलं तर उजेड चौथाई उरतो, म्हणून दिवा क्रेटच्या जवळ आणायचा, कॅमेरा मागेच राहू द्या. ८५० नॅनोमीटरचा लांब मारतो पण त्याचा बारीक लाल ठिपका दिसतो, ९४० चा दिसत नाही पण त्यावर सेन्सरला कमी दिसतं. आईसाठी मी ९४० च घेतो, एकाऐवजी दोन लावावे लागले तरी चालेल.

फोकस हाताने, आणि तो नाइट मोड लावल्यावरच करायचा, इन्फ्रारेडचा फोकस वेगळ्या जागी बसतो. लाल रेकॉर्डिंग दिव्यावर काळी टेप, बीप बंद. बऱ्याच हँडीकॅममध्ये स्क्रीन मिटली की कॅमेराच बंद होतो, तेव्हा स्क्रीन उघडी ठेवून त्यावर काळं कापड टाका, आणि त्या कापडाचं टोक वाऱ्याने लेन्सवर येत नाही ना तेही बघा.

(दृश्य: रात्र. मादी येते, क्रेट कलंडवते, पिल्लू तोंडात धरते. इथे निवेदन नाही, फक्त किड्यांचा आवाज)

आई आलीच नाही तर पिल्लू केंद्रात वाढतं, आणि माणसाच्या हातावर वाढलेला बिबट्या परत मोकळा सोडता येत नाही.

(दृश्य: सकाळ, वनरक्षक रिकाम्या क्रेटजवळ)

बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. लेखी परवानगी आधी काढा, उजेड असतानाच कॅमेरा लावून मोकळे व्हा, आणि कार्ड सकाळी वनरक्षकाबरोबरच काढायला जा, एकटे जाऊ नका, पिल्लं दोन असतील तर दुसऱ्यासाठी आई अजून परत यायची असते.